कॅलिपर रंगवले म्हणजे ब्रेक दुरुस्त झाले असे नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या छोट्या मोटारींच्या पुनरुज्जीवनाविषयी आलेला लेख वाचला. इंजिन, पत्र्याचे काम, रंग आणि आतील सजावट यांविषयी लेखकाने भरपूर आणि बहुतांशी बिनचूक माहिती दिली आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन करायला हवे. ब्रेकचा विषय मात्र त्यांनी, जुने कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून गाडी थांबवणारे भाग) मिळवावेत, स्वच्छ करून रंगवावेत आणि नवे रबर किट घालावे, अशा आशयाच्या एका वाक्यात उरकला आहे. त्या वाक्यात चूक म्हणावी असे काही नाही, परंतु जे सांगायचे राहिले त्यावरच ती गाडी वेळेवर थांबणार की नाही हे ठरत असल्याने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. संपादन करताना कात्री लावायचीच झाली तर खाच आणि पिस्टन यांविषयीचा मजकूर तेवढा शाबूत ठेवावा, ही विनंती.

छोट्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत वापरलेल्या कॅलिपरचा प्रश्न इतक्या वेळा का येतो, ते आधी सांगतो. या वर्गातल्या पुष्कळ गाड्या बाजारात आल्या त्या चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन. सर अलेक इसिगोनिस यांनी रचलेली १९५९ ची मिनी हे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. १९६१ साली मिनी कूपरला पुढच्या चाकांना ७ इंची डिस्क मिळाल्या, १९६३ च्या कूपर एसला साडेसात इंची, १९७४ मध्ये १२७५ जीटीला ८.४ इंची, आणि सरसकट सगळ्या मिनींना पुढे डिस्क ब्रेक यायला १९८४ साल उजाडले. त्यामुळे ज्यांच्याकडे ड्रमची गाडी आहे ते नंतरच्या गाडीचे कॅलिपर, हब आणि डिस्क असा संच शोधत फिरतात, आणि ज्यांची गाडी मूळचीच डिस्कची आहे त्यांच्या कॅलिपरनी कित्येक दशके काढलेली असतात. शेवटी दोघांच्याही हाती येतात ते भंगारात निघालेल्या गाडीवरचे, तोंडे उघडी ठेवून वर्षानुवर्षे फळीवर पडून राहिलेले कॅलिपर. असे कॅलिपर घेऊच नयेत असे म्हणणारे काही जण असतात. मला ते पटत नाही. बिडाचे जाड ओतकाम सहसा बिघडत नाही, आणि जे बिघडते ते डोळ्यांनी पाहता येते, फक्त ते पाहायचे कुठे हे ठाऊक असावे लागते.

गाडी छोटी म्हणून ब्रेकवर ताण कमी, असा एक गैरसमज असतो. ७०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे १७३ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. अर्धा लिटर गार पाण्याला उकळी आणायला साधारण इतकीच उष्णता लागते, आणि ब्रेक दाबल्यावर ती सगळी काही सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन लहानशा डिस्कांमध्ये जिरवायची असते. दाबाचा हिशोबही करून पाहण्यासारखा आहे. पायाचा जोर २० किलो आणि पेडलची तरफ पाचपट धरली तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेकच्या द्रवावर दाब आणणाऱ्या नळकांड्याच्या, दट्ट्यावर १०० किलोंचा भार येतो. दट्ट्याचा व्यास १९ मिलिमीटर असल्यास पाइपातला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो होतो, आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या कॅलिपर पिस्टनला तो जवळजवळ ६९० किलोंचा रेटा देतो. हा सगळा दाब बाहेर न फुटता आत राहतो तो एका रबरी कड्याच्या भरवशावर.

हे कडे, म्हणजेच सील, कॅलिपरच्या भोकात कोरलेल्या खाचेत बसते आणि त्याचा छेद चौकोनी असतो. पिस्टन त्यातून घट्ट सरकतो. पेडल दाबले की पिस्टन पुढे जाताना सीलची आतली कड आपल्याबरोबर ओढतो आणि सील तिरपे होते. पेडल सोडून दाब गेला की सील पूर्ववत होते आणि होताना पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे खेचून घेते. ड्रम ब्रेकमध्ये ब्रेक शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात, कॅलिपरमध्ये ते काम हे रबरच करते. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून किंचित पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून तेच काम पुढे चालू राहते, त्यामुळे डिस्क ब्रेकला जुन्या ड्रमसारखे वरचेवर सेटिंग करावे लागत नाही.

या रचनेतून निघणारी एक गोष्ट ड्रम ब्रेकवर हात बसलेल्या कारागिराच्याही लक्षात चटकन येत नाही. ड्रमच्या व्हील सिलिंडरमध्ये रबर पिस्टनवर चढवलेले असते आणि ते सिलिंडरच्या भिंतीवर घासत जाते, त्यामुळे भिंतीला खड्डे पडले की सिलिंडर बाद होतो. या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये रबर भिंतीतल्या खाचेत जागच्या जागी असते आणि पिस्टनचा पृष्ठभाग त्याच्यावरून सरकतो. तेव्हा भोकाच्या भिंतीवर थोडे डाग दिसले, हलका गंज दिसला, म्हणून कॅलिपर टाकून देण्याचे कारण नाही, आणि भिंत आरशासारखी चकाकते एवढ्यावरून तो चांगला आहे असेही ठरत नाही. निकाल लागतो तो दोन ठिकाणी: पिस्टनच्या पृष्ठभागावर आणि सीलच्या खाचेत.

आधी खाच. जुने सील काढायला लाकडाची किंवा प्लास्टिकची टोकदार काडी घ्यावी. स्क्रूड्रायव्हरने किंवा पोलादी सुईने उचकटल्यास खाचेच्या काठावर ओरखडा उठतो, आणि पुढे त्याच वाटेने ब्रेकचा द्रव, म्हणजे ब्रेक ऑइल, झिरपतो. सील निघाल्यावर खाचेत बहुधा काळपट तपकिरी थर दिसतो. तो इतका कडक आणि एकसारखा बसलेला असतो की बोट फिरवल्यास तोच खाचेचा तळ वाटावा. बॅटरीचा प्रकाश तिरपा पाडून काडी हळूहळू फिरवत गेले की एखाद्या ठिकाणी ती अडखळते, थोडा जोर दिल्यावर थराचा कपचा सुटून येतो आणि खाली बिडाचा राखाडी रंग उघडा पडतो. खाचेचा खरा तळ तो. तिथून सुरुवात करून, पितळी तारेचा लहान ब्रश, काडी आणि ब्रेक क्लीनर एवढ्याच साहित्याने सबंध वर्तुळ तशाच राखाडी रंगावर आणावे लागते. काम कंटाळवाणे आहे आणि दोन पिस्टनांच्या कॅलिपरमध्ये समोरच्या बाजूची खाच आरशात पाहूनच साफ करावी लागते. मन लावून करणाऱ्यालाही यात चांगलाच वेळ जातो, म्हणूनच हे काम सर्रास टाळले जाते.

ते टाळल्याने काय होते, हे सविस्तर सांगायला हवे. खाचेतला गंजाचा थर नव्या सीलला खालून उचलून धरतो, त्यामुळे सील पिस्टनला अवाजवी आवळते आणि पिस्टन पुढे जातो तोच मुश्किलीने. खाचेच्या पुढच्या काठाला, म्हणजे डिस्ककडच्या बाजूला, किंचित तिरकी कड काढलेली असते. सील तिरपे होते ते याच मोकळ्या जागेत. ती गंजाने भरून गेली तर रबराला वाकायला जागा राहत नाही, आणि जे वाकलेच नाही ते पिस्टनला मागे कसे खेचणार? परिणामी पॅड डिस्कला धरून राहतात, चाक तापते, पॅड लवकर संपतात, गाडी एका बाजूला ओढते. नवे किट घालूनही कॅलिपर थोड्याच दिवसांत पुन्हा चिकटू लागला की किट डुप्लिकेट निघाले असे सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. क्वचित ते खरेही असते. माझ्या पाहण्यात मात्र त्याचे कारण अधिक वेळा साफ न केलेली खाच हेच निघाले आहे. खाच पूर्ण साफ केल्यावरही सील बसण्याच्या जागी बीड खाल्ले गेलेले आणि खड्डे पडलेले दिसले, तर तो कॅलिपर सोडून द्यावा. तिथे मलमपट्टी चालत नाही.

आता पिस्टन. जुने पिस्टन बहुधा पोलादाचे, वरून हार्ड क्रोमचा मुलामा दिलेले असतात. दाबाचे सील आणि बाहेरचे धूळ अडवणारे रबर यांच्या मधल्या पट्ट्यात ओल अडकते, मुलाम्याच्या बारीक भेगांतून ती खालच्या पोलादापर्यंत जाते आणि मग क्रोम फोडासारखा वर येतो. पिस्टन कोरडा पुसून त्याच्या लांबीच्या दिशेने नख ओढावे. नख जिथे अडकते तिथे सीलही फाटणार किंवा गळणार हे नक्की समजावे. पॅड टेकतो त्या बाहेरच्या काठावरचा गंज तितका घातक नसतो, महत्त्वाचा आहे तो सीलखालून जाणारा भाग. हा भाग नेहमी एकच नसतो, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. झिजलेल्या पॅडवर चालणाऱ्या गाडीचा पिस्टन बराच बाहेर आलेला असतो, त्याचा गंजलेला पट्टा सीलच्या बाहेर असतो आणि कॅलिपर कोरडा दिसतो. नवे जाड पॅड बसावेत म्हणून पिस्टन आत दाबला की नेमका तो खडबडीत पट्टा सीलखाली जातो आणि काही दिवसांत चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसू लागते. विकणारा कॅलिपर गळत नव्हता असे शपथेवर सांगतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

अशा पिस्टनला पॉलिश पेपर मारून चकचकीत करणे हा उपाय नव्हे, कारण त्याने उरलासुरला क्रोम जातो आणि उघडे पोलाद अधिकच वेगाने गंजते. खड्डा दिसला की पिस्टन बदलावा, आणि बदलायचाच तर स्टेनलेस स्टीलचा घ्यावा असे माझे मत आहे. त्याला सोलून निघायला मुलामाच नसतो, आणि साध्या पोलादापेक्षा तो उष्णताही कमी वाहून नेतो, हा जास्तीचा फायदा. रबर किटमध्ये साधारणपणे पिस्टन येत नाहीत, ते वेगळे मागवावे लागतात, आणि म्हणून ते खर्चाच्या अंदाजातून सहज निसटतात. काही जुन्या कॅलिपरांत पिस्टनच्या तोंडाचा एक भाग मुद्दाम कापलेला असतो, त्यामुळे ब्रेकची किंचाळी कमी होते. असा पिस्टन बसवताना कापलेली बाजू कोणत्या दिशेला हवी हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहून मगच बसवावा.

पिस्टन बाहेर काढण्याच्या कामात जी बेफिकिरी दिसते ती मला सर्वांत जास्त खटकते. कॉम्प्रेसरची नळी लावून पिस्टन उडवण्याची पद्धत सर्वत्र आहे. ७ किलो दाबाची हवा ५० मिलिमीटरच्या पिस्टनवर सुमारे १३७ किलोंचा रेटा देते आणि हवा दाबली जाणारी वस्तू असल्याने अडकलेला पिस्टन सुटतो तो गोळीसारखा. त्याच्या समोर बोट असले तर ते वाचत नाही. हवाच वापरायची तर समोर लाकडाचा ठोकळा असावा आणि दाब अगदी थोडा ठेवावा. मुळात जाम झालेल्या पिस्टनसाठी हवा हे साधनच नव्हे. कॅलिपर गाडीवर असतानाच पेडलने पिस्टन पुढे ढकलून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग, आणि कॅलिपर सुटा मिळाला असेल तर ग्रीस गन जोडून ग्रीसच्या दाबाने काढणे हा दुसरा. ग्रीस दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन मुकाट्याने, इंचाइंचाने बाहेर येतो. एक पिस्टन आधी निसटला की दाब जातो आणि दुसरा जागेवरच राहतो, म्हणून सैल असलेला पिस्टन क्लॅम्पने धरून ठेवून घट्ट असलेला आधी हलवावा. नंतर ग्रीसचा अंशही आत राहता कामा नये, त्याचे कारण पुढे येईल.

कॅलिपरचे दोन अर्धे बोल्ट काढून वेगळे करावेत का, यावर मतभेद आहेत. जुन्या पुस्तिका ते करू नका असे बजावतात. दोन अर्ध्यांच्या सांध्यातून द्रवाची वाट जाते, तिथे एक लहानसे रबरी कडे असते, आणि ते बोल्ट साध्या पोलादाचे नसतात. वेगळे न करताही पिस्टन, सील आणि खाच या सगळ्यांची कामे होतात, हात थोडा अडचणीत चालवावा लागतो इतकेच. खाच इतकी गंजली असेल की वेगळे केल्याशिवाय साफच होणार नाही, तर सांध्याचे नवे कडे आणि मूळ प्रतीचे बोल्ट हाती असल्याशिवाय पहिला बोल्ट सैल करू नये, आणि परत आवळताना टॉर्क पान्हाच वापरावा. हे बोल्ट शोभेसाठी मुलामा द्यायला पाठवण्याची हौस काही जणांना असते. उच्च ताकदीच्या पोलादाला मुलामा देताना योग्य उष्णता-प्रक्रिया झाली नाही तर ते ठिसूळ होते आणि आवळलेल्या अवस्थेतच तडकू शकते, म्हणून ती हौस इतरत्र भागवावी.

रबराचे वैरी कोण, हे प्रत्येक कारागिराला ठाऊक असते, तरी हात पुढे होतो तो रॉकेलच्या डब्याकडेच. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, साधे ग्रीस यांतल्या कशाचाही थेंब राहिला तर डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतींच्या ब्रेक द्रवासाठी बनवलेले रबर फुगते आणि मऊ पडते. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट वापरावे, आणि जुळणी करताना सीलला ताजे ब्रेक ऑइल किंवा त्यासाठीच मिळणारे लाल रबर ग्रीस लावावे. उघडलेल्या कॅलिपरमधले जुने सील फुगलेले आणि गिळगिळीत निघाले तर कोणीतरी कधीतरी या यंत्रणेत खनिज तेल ओतले आहे असे समजावे. अशा वेळी कॅलिपरपुरती डागडुजी करून भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून होज पाइपांपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा लागतो.

विकत घेताना पाहायच्या काही गोष्टी आहेत. हवा काढण्याचे निपल हलते का ते पैसे देण्यापूर्वीच पाहावे, कारण गंजून बसलेले निपल मोडले की ते ड्रिलने काढताना त्याची बैठक खराब होते आणि बैठक गेली की कॅलिपर गेला. दोन्ही बाजूंचे पिस्टन व्हर्नियरने मोजावेत, कारण दिसायला जुळी असलेली जोडी दोन वेगळ्या मॉडेलांची निघू शकते आणि मग गाडी ब्रेक दाबताच एकीकडे पळते. आटे तपासणे तर सर्वांत निकडीचे. १९७० च्या दशकात ब्रिटिश गाड्या इंचांतून मिलिमीटरमध्ये आल्या. पाव इंचाचा फरक डोळ्यांना दिसेल, पण ब्रेक पाइपाच्या नटाचे तीन-अष्टमांश इंची यूएनएफ (बारीक आट्यांचे इंची माप) आटे ९.५३ मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला २४, तर मेट्रिक नट १० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर अंतराचा. हाताला ते सारखेच वाटतात. इंची नट मेट्रिक भोकात सैलसर का होईना पण जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोरात पेडल दाबल्यावर आटे सोडून देऊ शकतो. उलट बाजूने मेट्रिक नट इंची भोकात एक-दोन फेरे जाऊन अडतो, आणि मग पान्ह्याने जबरदस्ती केली की आटे फाटतात. ज्या गाडीवर दुसऱ्या सालच्या गाडीचे कॅलिपर बसवले जात आहेत तिथे हा धोका गृहीतच धरायला हवा.

कॅलिपर बदलण्याआधी दोष त्याचाच आहे का, हेही पाहून घ्यावे. चाक जाम झाले असेल तर गाडी जॅकवर घेऊन निपल किंचित उघडावे. द्रवाची पिचकारी उडून चाक मोकळे झाले तर पिस्टन निर्दोष आहे. दाब मागे जाऊ देत नाही ती आतून सुजलेली होज किंवा मास्टर सिलिंडर. निपल उघडूनही चाक जाम राहिले तरच कॅलिपर काढावा. आणखी एक, जुने पॅड काढताना आतली धूळ हवेने उडवू नये. त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती ओल्या फडक्यानेच टिपून घ्यावी.

रंगाविषयी थोडेच. आपल्या लेखासोबत लाल रंगवलेल्या कॅलिपरचे छायाचित्र होते आणि ते देखणे होते, यात शंका नाही. पण वाळूचा मारा करून घेताना भोके आणि द्रवाच्या वाटा बंद केल्या नाहीत तर एखादा कण आत राहून पुढे सील कापतो, आणि पावडर कोटिंगचा जाड थर पॅड सरकण्याच्या जागेवर चढला की पॅड तिथे अडकून बसतात, म्हणजे सगळे नवे असूनही ब्रेक पुन्हा धरून राहतो. बिडाला गंजापासून वाचवणारा पातळ थर पुरेसा असतो, आणि तो द्यायची वेळ खाच व पिस्टन यांचा निकाल लागल्यानंतरची.

जुळणीनंतर तांब्याचे वॉशर नवे घालावेत. कॅलिपर चढवताना निपल वरच्या टोकाला आहे ना हे पाहावे. डावा-उजवा उलट बसला तरी बोल्ट बहुधा जुळतात, पण निपल खाली येते, हवा वर अडकते आणि कितीही वेळ हवा काढत बसले तरी पेडल पोकळच लागते. द्रव डॉट ४ घ्यावा, सीलबंद डब्यातला. त्याचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस असतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे पाणी शोषणे चालूच असते, म्हणून गाडी न चालवताही दर दोन वर्षांनी द्रव बदलावा. सिलिकोनचा डॉट ५ पाणी शोषत नाही म्हणून हौशी मंडळींना तो आवडतो. पण आत शिरलेले पाणी मग न मिसळता सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्येच, साठते, आणि तो डॉट ४ मध्ये मिसळताही येत नाही. ज्या यंत्रणेत आधीपासून डॉट ४ आहे तिथे तोच चालू ठेवावा.

नव्याने बसवलेल्या कॅलिपरचे पिस्टन आत दाबलेले असल्याने पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाते. गाडी जागची हलवण्यापूर्वी ते कडक होईपर्यंत मारून घ्यावे, मग इंजिन बंद ठेवून जोरात दाबून काही मिनिटे धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून ओल शोधावी. त्यानंतर मोकळ्या जागेत हळू वेगाने चालवून, ब्रेकचा कमीत कमी वापर करून थांबवल्यावर, दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी. एक चाक लक्षणीय गरम लागले तर त्या बाजूचा कॅलिपर परत उघडावा लागेल, दुसरा इलाज नाही.

शेवटी एक मागणी, आणि ती लेखकाकडे नसून विकणाऱ्यांकडे आहे. रिबिल्ट असे लेबल लावून जुने कॅलिपर विकले जातात, आणि त्या एका शब्दाखाली खाच राखाडी बिडापर्यंत साफ करून स्टेनलेस पिस्टन घातलेला कॅलिपरही येतो आणि जुन्या पिस्टनवर नवे रबर चढवून वर रंग मारलेलाही येतो. विकणाऱ्याने सोबत एका कागदावर एवढेच लिहून द्यावे: पिस्टन नवे की जुने आणि कोणत्या धातूचे, सील कोणत्या द्रवासाठीचे, दोन अर्धे वेगळे केले होते की नाही, आटे इंची की मेट्रिक, आणि दाबाखाली तपासणी झाली असल्यास किती दाबाला. ज्याने काम खरोखर केले आहे त्याला हा कागद लिहायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. आपल्या पुरवणीत सुट्या भागांच्या जाहिराती छापल्या जातात, त्यांत रिबिल्ट कॅलिपरच्या जाहिरातीसोबत ही माहिती देणे आपण बंधनकारक करावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक